दांडा तीन सुती, मूठ दहाची

रत्नागिरीत गाडीचं इंजिन बसलं तर माणूस एकटा पडतो. क्रँक गेला, गॅस्केट उडालं, एवढं नुसतं म्हणा; समोरचा ‘अरेरे’ म्हणतो आणि आपल्या वाटेला लागतो. गिअरची मूठ सैल झालीय म्हणा, अख्खी मांडवी मदतीला धावते. इंजिन बॉनेटखाली असतं, मूठ डोळ्यांसमोर असते आणि तिला हात लावता येतो. ज्याला हात लावता येतो ते आपल्याला कळतं, असा आमच्याकडे पक्का समज आहे. आंब्याच्या बाबतीत तो बऱ्याचदा खराही ठरतो.

मूठ आमच्या आळीतल्या दादांच्या जीपची. आरसी बुकात ती जीप आहे, आणि लांबून पाहिलं तर बाहेरही जीपच आहे. जवळ गेल्यावर मात्र कोण कुठलं हे विचारावं लागतं. चासी लष्कराच्या लिलावातली. बॉडी हरियाणातल्या मंडी डबवालीची. उघड्या जीपा नटवण्यात त्या गावाचा हात कोणी धरत नाही. इंजिन दुसऱ्याच एका जीपचं, डिझेलचं. सीटा मोडीत निघालेल्या कुठल्याशा मारुतीच्या, आणि हॉर्न ऐकला की ट्रकवाले बाजू देतात त्या अर्थी तोही मूळचा नसावा. गिअरबॉक्स तेवढा जुना, तीन गिअरांचा. दादा म्हणतात, “आत्मा तोच आहे.” वहिनी म्हणतात, “आणि खर्च रोज नवा आहे.”

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीत केलेल्या फेरफाराबद्दल काय लिहिलंय, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर काय सांगितलं, हा विषय निघाला की दादा समुद्राकडे बघू लागतात. कंपनीने गाडी जशी घडवली आणि पुस्तकात जशी नोंदली, तिच्याशी विसंगत बदल करायचा नाही, असं त्याचं सार आहे. गिअरच्या मुठीची नोंद आरसी बुकात नसते. दादांच्या जीपमध्ये कायद्याला ज्याच्याशी काही देणंघेणं नाही असा तो बहुधा एकमेव भाग, आणि नेमका तोच हातात येत होता.

मुळात जमिनीतून वर आलेला गिअरचा दांडा ही चीज आमच्या पिढीने मोठ्या कौतुकाने पाहिली. तेव्हा अॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी यांचे गिअर स्टिअरिंगच्या खाली, हाताशी असत. त्यामुळे पुढची सीट अखंड बाकडं होतं आणि त्यावर ड्रायव्हर धरून तिघे, आणि लग्नसराईत चौघे, बसत. पुढे दोन्ही गाड्यांच्या नव्या आवृत्त्यांत गिअर खाली उतरला. खाली गिअर म्हणजे ‘स्पोर्टी’, असं मानणारे लोक मग जुन्या गाडीलाही खाली गिअर बसवून घेऊ लागले. दांडा आल्यावर बाकड्यावरचा मधला माणूस गेला. माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये मात्र मधला माणूस गेला नाही. तिथे दांडा त्याच्या गुडघ्यांच्या मधून वर येई आणि ड्रायव्हर दर चढाला म्हणे, “पाहुणे, डावा पाय जरा तिकडे घ्या, दुसरा टाकायचाय.” पावसला पोचेपर्यंत त्या पाहुण्याला गिअरबॉक्स गुडघ्यांनी पाठ झालेला असे.

जुन्या जीपच्या फरशीतून एक नाही, तीन दांडे वर येतात. एक गिअरचा, एक पुढच्या चाकांना जोर द्यायचा, एक हाय-लोचा. मागच्या दोघांवर काळ्या बेकेलाइटच्या गोट्या आहेत. त्या दादांच्या जन्माआधीच्या असाव्यात, आणि तेव्हापासून जागच्या हललेल्या नाहीत. गिअरच्या दांड्यावरही तशीच एक होती. ती काढून दादांनी पुण्याच्या नाना पेठेतून नवी मूठ आणली. अॅल्युमिनियमची, चकचकीत, हातात घेतली की आपण काहीतरी जिंकलोय असं वाटावं अशी. डब्यावर लिहिलं होतं ‘युनिव्हर्सल’. म्हणजे ती सगळ्या गाड्यांना बसते आणि कुठल्याही गाडीला नीट बसत नाही. सोबत आतून आटे असलेल्या प्लॅस्टिकच्या बारीक-जाड नळ्या येतात. आपल्या दांड्याला त्यातल्या त्यात जवळची निवडायची, मूठ वर चढवायची आणि बाजूचे तीन इवलेसे स्क्रू अॅलन कीने आवळायचे. डिझेल इंजिनाच्या थरथरीपुढे ते तीन स्क्रू किती टिकणार हे इंजिन सुरू व्हायच्या आतच दिसत होतं. पण नव्या वस्तूसमोर असलं काही बोलायचं नसतं.

मुठीच्या माथ्यावर गिअरांचा नकाशा कोरलेला होता. पाच गिअरांचा, ‘आर’ लाल रंगात. खाली गिअर तीन. शिवाय त्या जुन्या बॉक्सची मांडणी आजच्या उलट. आज डावीकडे वर पहिला असतो. तिथे जीपला रिव्हर्स आहे. पहिला डावीकडे खाली, दुसरा उजवीकडे वर आणि तिसरा त्याच्या खाली. म्हणजे मुठीवरचं वाचून कोणी पहिला टाकला की जीप मागे जायची. त्यात मूठ सैल होऊन फिरू लागली आणि नकाशाही तिच्याबरोबर फिरू लागला. सकाळी ‘आर’ मिऱ्याकडे, दुपारी भाट्याकडे. पाहुण्यांपैकी कोणी म्हणालं, “दादा, मी चालवून बघू?” तर दादा आधी जीप कुठे उभी आहे ते बघत. मागे धक्क्याचा कठडा असेल तर “आज क्लच जरा जड आहे” म्हणत.

संध्याकाळी मांडवीवर भेळवाले, गोळेवाले लागतात, काळ्या वाळूत पोरं फुटबॉल खेळतात, आणि दादांची जीप भिंतीला लागून उभी राहते. सल्लागारांची बैठक तिथेच.

पहिले आले ते प्लंबरकाका. त्यांनी मूठ दोनदा गरगर फिरवली, काढली, दांड्याचे आटे अंगठ्याने चाचपले आणि म्हणाले, “सफेदा लावा आणि सुतळी गुंडाळा. चाळीस वर्षांत माझा एक नळ गळला नाही.” मूठ गळत नव्हती, हे त्यांच्या लक्षात आणून देण्याचं धैर्य कोणाला झालं नाही. सुतळी गुंडाळली. मूठ घट्ट बसली. दादांचा तळहात पांढरा झाला, नंतर पँट पांढरी झाली, आणि वहिनींनी विचारलं की भिंत रंगवायला गेला होतात का. सफेदा सुकला तशी सुतळी दबली आणि मूठ पुन्हा फिरू लागली.

प्लंबरकाकांच्या हाताखालच्या पोराने मग टेफ्लॉनची टेप काढली. टेफ्लॉन हा जगातल्या निसरड्यात निसरड्या पदार्थांपैकी एक. घावन तव्याला धरू नये म्हणून जे लावतात ते हेच. नळाला टेप लावतात ती फट बुजावी आणि आटे सुळकन आत जावेत म्हणून. पकडून ठेवणं तिच्या रक्तात नाही. तरी ती गुंडाळली गेली. आता मूठ इतक्या गुळगुळीतपणे फिरू लागली की दादांना थोडा अभिमान वाटला.

मग मिरकरवाड्याचे, बोटींची इंजिनं बघणारे मेस्त्री आले. समुद्राशी संबंध आला की ग्रीस, हा त्यांचा धर्म, आणि बोटीपुरता तो शंभर टक्के खरा. “खाऱ्या हवेत लोखंड उघडं ठेवायचं नाय,” म्हणत त्यांनी बोटभर ग्रीस काढून दांड्याला, नळीला आणि बोलता बोलता दादांच्या मनगटाला फासलं. गंजाचं म्हणणं त्यांचं चुकीचं नव्हतं. अॅल्युमिनियम आणि लोखंड शेजारी ठेवून मध्ये खारं पाणी आलं की अॅल्युमिनियम स्वतःला खाऊ लागतं आणि पांढरी भुकटी सोडतं. मांडवीत लाटेचे तुषार भिंत ओलांडून सीटेवर येतात आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. इथे सैल झालेली प्रत्येक वस्तू पावसाळ्यात आपोआप घट्ट होते. फक्त ती नंतर निघत नाही. माझ्या ओळखीत खिडक्या आहेत ज्या कित्येक पावसाळ्यांपूर्वी बंद झाल्या त्या झाल्याच.

गणपतीला पुण्याहून भाचा आला. त्याच्याकडे निळ्या औषधाची चिमुकली बाटली होती. नटबोल्ट सैल पडू नयेत म्हणून आट्यांत त्याचा थेंब सोडतात. निळं लावलं तर पान्याने उघडतं, लाल लावलं तर तापवावं लागतं. हे औषध हवेत तसंच ओलं राहतं; हवा पोचत नाही अशा फटीत, धातूवर धातू असेल तर कडक होतं. आणि जागा तेलातुपाची नसावी लागते. इथे आतली नळी प्लॅस्टिकची, वर मेस्त्रींचं ग्रीस, त्याखाली टेफ्लॉनचे तुकडे आणि सगळ्यांच्या तळाशी प्लंबरकाकांचा सफेदा. औषध बिचारं कुणाला चिकटणार? भाच्याने रात्रभर ठेवायला सांगितलं. सकाळी मूठ तशीच फिरत होती, फक्त तिला आता दवाखान्याचा वास येत होता. भाचा म्हणाला, “मामा, सरफेस प्रिपरेशन झालं नाही.” मेस्त्रींनी हे ऐकून घेतलं आणि अजून थोडं ग्रीस लावलं.

दोन वड्या मळून लावायचं सीलही झालं. ते तासाभरात दगड होतं, आणि दगडाचा स्वभाव असा की तो थरथरीला तडकतो. त्याचे तुकडे अजून सीटेखाली सापडतात.

या सगळ्या काळात एक माणूस नुसता बसून होता. एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका. आंबा घाट, कुंभार्ली, फोंडा, तिन्ही त्यांनी गाडीच्या दांड्यावर वाचलेले. जुन्या एस.टी.चा दांडा माणसाच्या मांडीएवढा लांब, माथ्यावर मूठ असली तर असली, नाहीतर फडकं बांधलेलं. तो धरायचा नसतो, तो नाचेल तसा आपण हात न्यायचा असतो. काकांचा गिअर टाकायचा हात आजही पाहण्यासारखा. दोन बोटं आणि अंगठा, एवढंच. क्लच दाबला, न्यूट्रलला आणला, क्लच सोडला, अॅक्सिलरेटरला एक टिचकी, पुन्हा क्लच, आणि दांडा स्वतःहून जागेवर. याला डबल क्लच म्हणतात. दादांच्या जीपचा पहिला गिअर धावत्या गाडीत टाकायचा तर हेच करावं लागतं, नाहीतर खालून असा आवाज येतो की भेळवाला मिरची कापायची थांबतो.

काका म्हणाले, “मूठ सैल होणारच. तुम्ही तिच्यावर हात ठेवून बसता.”

दादा म्हणाले, “मग कुठे ठेवू?”

“स्टिअरिंगवर. दोन्ही. हात दांड्यावर ठेवलात की त्याचं वजन खाली जातं. आतला चिमटा फिरत्या चकतीला घासत राहतो. मूठ ही पहिली तक्रार. चिमटा गेला की दुसरी तक्रार तुमच्या खिशाची.”

इतकं अचूक त्या बैठकीत कोणीच बोललं नव्हतं. पण काकांच्या सल्ल्यात विकत आणण्यासारखं काही नव्हतं, गुंडाळण्यासारखं, फासण्यासारखं नव्हतं. सगळ्यांनी मान डोलावली आणि विषय बदलला. शिवाय दादांचा अर्धा आनंद त्या मुठीवर हात ठेवून बसण्यातच होता. एक कोपर दारावर, एक हात मुठीवर, काळा चष्मा, मांडवी ते भाट्ये पूल ताशी वीसच्या वेगाने. ही बैठक सोडायची तर जीप घेतलीच कशाला?

शेवटी दादा मिरजोळ्याच्या एमआयडीसीत लेथवाल्याकडे गेले. मीही गेलो, कारण एव्हाना मला त्या मुठीचं काय होतं याची जबरदस्त उत्सुकता लागली होती. लेथवाल्याने मूठ हातात घेतली नाही. त्याने दांड्याचं टोक रॉकेलच्या चिंधीने पुसलं. एकेक थर निघाला, ग्रीस, निळं औषध, टेप, सुतळी. तो पुसत होता आणि प्रत्येक थराला दादांकडे बघत होता. मग त्याने आट्यांच्या खाचांत दात बसतात का ते बघायची पत्र्याची पट्टी लावली, एक नाही बसली, दुसरी नाही बसली, तिसरी बसली. कॅलिपर लावला.

“तीन सूत,” तो म्हणाला.

आठ सुतांचा इंच. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या जरा वर. मुठीच्या नळीचे आटे दहाचे. अर्ध्या मिलिमीटरचा फरक, पण तोच फसवतो. बाराची मूठ असती तर दांड्यावरून सरळ खाली घसरली असती आणि दुकानातच कळलं असतं. दहाची बसते. दोन-तीन फेरे जाते, हाताला वाटतं धरलं. खाचा एकमेकींच्या जवळपास असतात, एकमेकींत नसतात. वर जीप थरथरली की प्लॅस्टिकचे आटे झिजतात आणि चार दिवसांत नुसती टोपी उरते.

देशात मेट्रिकचा कायदा 1956 चा. भाजी किलोवर आली, दूध लिटरवर आलं, रस्ते किलोमीटरचे झाले. गॅरेजात सूत राहिलं. लाकूड चार सुती, पत्रा अमुक गेजचा, आणि त्याच ट्रेत दहा-अकराचा आणि बारा-तेराचा पाना. मेस्त्रीलोक दोन्हीत गाडी चालवतात आणि त्यांचं कुठे अडत नाही. अडतं ते दादांच्या जीपसारखं एक टोक युद्धातलं आणि एक टोक नाना पेठेतलं असलं की. एकट्या दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सहा लाखांवर जीपा घडल्या, त्या सगळ्या इंचांत. विलीसचं तेच घराणं स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जोडलं जाऊ लागलं, तेही इंचांतच आलं. दांडा आपल्या खानदानाला धरून होता.

दादांनी विचारलं, “मग उपाय?”

लेथवाल्याने जुनी बेकेलाइटची गोटी कुठाय विचारलं. ती दादांनी जपून ठेवली होती, म्हणजे कुठे ठेवली ते कोणाला माहीत नव्हतं. मग त्याने पितळेचा एक तुकडा घेतला. बोटींच्या कामातून उरलेला असावा; खाऱ्या हवेत पितळ लोखंडासारखं सडत नाही. लेथवर धरला, गोल केला, खाली भोक पाडलं, तीन सुताचा टॅप लावला, आणि तेलाचा थेंब सोडत अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असा आत नेला. पितळेच्या पिवळ्या कातरणी त्याच्या मनगटावर चिकटत होत्या. दादा ते बघताना पहिल्यांदाच गप्प होते.

मूठ चढवायच्या आधी त्याने दांड्यावर एक पातळ नट खालपर्यंत फिरवला. मूठ वर बसवली, तिचं तोंड नटाला भिडलं, आणि दोन पान्यांनी नट वर आणि मूठ खाली अशी उलटी मुरड दिली. दोघांचे आटे दांड्याला दोन बाजूंनी ताणून धरतात आणि मग थरथर कितीही असो, कोणी फिरत नाही. याला चेकनट म्हणतात. नटाची किंमत त्याने लावलीच नाही, पितळेचे आणि मजुरीचे घेतले. मागच्या दोन गोट्यांखाली हेच पातळ नट मुळापासून होते. इतके दिवस त्या दोघी बैठकीच्या मधोमध उभ्या होत्या आणि कोणी खाली वाकून पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी जीप भिंतीला लागली. प्लंबरकाकांनी मूठ फिरवायचा प्रयत्न केला. ती फिरली नाही. मिरकरवाड्याच्या मेस्त्रींनीही फिरवून पाहिली. भाच्याला व्हिडिओ कॉलवर दाखवली. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एक पोरकेपण आलं. पितळेवर नकाशा नव्हता, तेव्हा कुठे काय आहे यावर थोडी चर्चा झाली, पण तिच्यात जीव नव्हता.

ड्रायव्हरकाका पहिल्यांदाच भिंतीवरून उतरले. त्यांनी दोन बोटं आणि अंगठा मुठीला लावला, न्यूट्रलमध्ये दांडा डावीकडे ढकलला, उजवीकडे ढकलला. मूठ दांड्याला पक्की होती. दांडा मात्र बुडापासून शिमग्यातल्या पालखीसारखा नाचत होता.

“मूठ झाली घट्ट,” काका म्हणाले. “म्हणून आता खालचं कळतंय. बुडाचा गोळा झिजलाय, वरची टोपीही गेली असणार. पूर्वी मूठच इतकी हलायची की हा खेळ हाताला लागतच नव्हता.”

“म्हणजे?” दादा.

“म्हणजे फरशी उघडा, टोपी काढा, दांडा बाहेर घ्या. गोळ्यावर वेल्डिंग भरून घासायचा, स्प्रिंग नवी. इथे नाय झालं तर कोल्हापूरला उद्यमनगरात पाठवा.”

वहिनी भेळ खाता खाता थांबल्या. मिरकरवाड्याचे मेस्त्री वाकून गिअरबॉक्सच्या तोंडाशी बघायला लागले आणि त्यांनी खिशातून ग्रीसची डबी काढली. प्लंबरकाकांनी पोराला हाक मारली.

“अरे, सुतळी आहे का रे? जाड बघ.”